राइखेनाउ बेटावर, वालाफ्रिडच्या वाफ्यांपाशी

नवव्या शतकातला एक जर्मन मठवासी. सम्राटाच्या धाकट्या मुलाचा शिक्षक, मग दक्षिण जर्मनीत बोडेन सरोवरातल्या राइखेनाउ बेटावर मठाधिपती, राजपुत्रांच्या भांडणात मठातून परागंदा झालेला, आणि राजाचा निरोप घेऊन जात असताना चाळिशीच्या आसपास नदी ओलांडताना मरण पावलेला. वालाफ्रिड स्ट्राबो त्याचं नाव. जन्म साधारण ८०८चा, श्वाबिया भागातल्या गरीब घरातला. तिरळ्या डोळ्यांवरून 'स्ट्राबो' म्हणायला लागले आणि त्यानेही ते नाव आपलंसं केलं. एवढ्या उलथापालथीच्या आयुष्यात त्याने लॅटिनमध्ये ४४४ ओळींची एक कविता लिहिली, ती आपल्या दारासमोरच्या भाजीच्या वाफ्यांवर. तण, उंदीर-घुशींसारखी जमीन पोखरणारी चिचुंदरी, शेणखत, बादलीने घातलेलं पाणी आणि २३ वनस्पती. 'हॉर्टुलुस', म्हणजे छोटीशी बाग, या नावाने ती ओळखली जाते.

मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असते. ही कविता जर्मन भाषांतरासह माझ्याकडे बरीच वर्षं आहे. या उन्हाळ्यात कोल्हापूरहून ताई आली. तिची परसबाग आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. तिला सुरुवातीचा भाग मराठीत सांगितला तर म्हणाली, "मठात बसून पोथ्या लिहिणारा माणूस शेणखताच्या पाट्या टाकायला सांगतो? मग त्याचं गाव बघायलाच पाहिजे." तारखा मी मुद्दाम निवडल्या. १५ ऑगस्टला बेटावर मोठा उत्सव असतो, आणि १८ ऑगस्ट हा वालाफ्रिडच्या मृत्यूचा दिवस.

१४ ऑगस्ट : बांधावरून बेटावर

झिंगनला गाडी बदलून दुपारी पोचलो. तिकीट काढताना 'राइखेनाउ (बाडेन)' हेच स्टेशन निवडा, कारण स्वित्झर्लंडमध्ये याच नावाचं दुसरं स्टेशन आहे आणि ते पार आल्प्सच्या कुशीत आहे. स्टेशन मुख्य भूमीवर, तिथून बेटावर बस जाते. उंच पॉपलर झाडांच्या दोन रांगा आणि मधून रस्ता, दोन्ही बाजूंना बोरूसारखं दाट गवत आणि त्यापलीकडे सरोवराचं पाणी. हा बांध १८३८च्या सुमारास झाला. त्याआधी हजारभर वर्षं इथे फक्त होडीने येता यायचं.

बेट जेमतेम साडेचार किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद. ७२४ मध्ये पिर्मिन नावाच्या भटक्या धर्मगुरूने इथे मठ स्थापला आणि पुढच्या तीन शतकांत तो युरोपातल्या मोठ्या विद्याकेंद्रांपैकी एक झाला. २००० साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारसा म्हटलं. पण बसमधून उतरल्यावर दिसतात ती काचघरं. काकडी, टोमॅटो, सॅलडची पानं. मोकळ्या वाफ्यांवर फवारे गोल फिरत होते आणि रस्त्याच्या कडेला ओली माती सांडली होती. ताई तिथेच थांबली, वाकून माती चिमटीत घेतली आणि म्हणाली, "भुसभुशीत आहे."

आमचा मुक्काम भाजी पिकवणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी होता. घरमालकीणबाई साठीच्या. हातांना चिरा पडलेल्या, नखांत माती. जर्मनमध्ये त्या भरभर बोलत आणि ताई मराठीत उत्तर देत असे. मी मध्ये दुभाषी होते, पण दोडक्याचा वेल कसा चढवायचा आणि काकडीचा कसा, यावर त्यांना माझी गरज लागली नाही. पाणी कुठून येतं असं विचारल्यावर बाईंनी सरोवराकडे बोट केलं. तिथून उपसून नळांनी सगळ्या बेटावर फिरवलेलं आहे.

वालाफ्रिड पाणी कसं घालायचा ते मी रात्री त्यांना वाचून दाखवलं. रोपं कोवळी असताना पाऊस आला नाही तर तो बादलीने पाणी आणायचा आणि ओंजळीतून थेंब थेंब सोडायचा, कारण धार जोरात पडली तर बी वाहून जाईल. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझी आजी रोपवाटिकेत असंच करायची. बोटं उघडी ठेवून."

त्याआधी, संध्याकाळी, आम्ही मिटेलत्सेलच्या मठापाशी गेलो. बेटाच्या मधोमध संत मारिया आणि मार्कुसचं मोठं चर्च आहे, लोक त्याला म्युन्स्टर म्हणतात. त्याचा पूर्वेकडचा भाग मठाधिपती हाइटोने बांधवला आणि ८१६ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. म्हणजे लहानपणी मठात दाखल झालेल्या वालाफ्रिडने याच भिंतींमध्ये प्रार्थना म्हटल्या. आणि या चर्चच्या लगत त्याच्या कवितेतल्या वनस्पतींची बाग लावलेली आहे. चौकोनी उंच वाफे, प्रत्येकाला फळ्यांची कड, प्रत्येकावर नाव.

फळ्या पाहून मला फार आनंद झाला, कारण त्या कवितेत आहेत. वालाफ्रिड सांगतो की त्याच्या दारासमोरचं पूर्वेकडचं छोटं अंगण वसंत येताच ब्रेनेसलने भरून गेलं. हात लागला की आग होणारं हे तण, आणि मुळं तर जमिनीखाली टोपली विणावी तशी एकमेकांत गुंतलेली. त्याने कुदळीने ती उपटली, चिचुंदरींची बिळं मोडली, माती उन्हात तापू दिली आणि वाफ्यांची माती वाहून जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी फळ्या लावल्या. अंगणाचा एक भाग छपराखाली असल्याने पाऊस लागत नाही आणि दुसऱ्यावर विटांच्या भिंतीची सावली पडते, हेही तो सांगतो. स्वतः बाग केलेल्या माणसालाच अशा अडचणी ठाऊक असतात. तो तर स्पष्ट म्हणतो की हे ज्ञान मला लोकांच्या बोलण्यातून किंवा जुन्या पुस्तकांतूनच मिळालेलं नाही, आराम बाजूला ठेवून मी राबलो आणि अनुभवातून शिकलो. मला वालाफ्रिड प्रिय आहे तो यासाठी. रोमन कवींच्या ओळी त्याला मुखोद्गत होत्या, पण सेजच्या झाडाकडे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघतो: नवे फुटवे जुन्या खोडाला गुदमरवून टाकतात, वेळीच छाटले नाहीत तर घरातल्या यादवीने झाड मरतं. आणि हे लिहिणाऱ्याने सम्राट आणि त्याच्या मुलांची यादवी जवळून पाहिली होती.

ताईला अक्षरं वाचायची गरज नव्हती. पानं चुरगाळत ती सांगत गेली. "ही सताप. ही बडीशेप. हा पुदिना." एका करड्या-हिरव्या, बारीक पानांच्या झुडपापाशी ती थबकली, पान चुरगाळून पुन्हा पुन्हा वास घेतला. "अगं, हा दवणा आहे! जोतिबाचा दवणा!" पाटीवर लॅटिन नाव होतं आब्रोटानुम. आपला दवणा आणि हे झुडूप एकाच कुळातले, आर्टेमिसियाचे. बागेत आणखी दोघं-तिघं होते. त्यांतल्या एका आजोबांना ताईने पान चुरगाळून दिलं आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडे चैत्रात हा देवाला वाहतात." आजोबांनी ते पान खिशात ठेवलं.

दुध्या भोपळ्याचा वेल मांडवावर चढला होता. कवितेत त्याच्यावर खूप ओळी आहेत. मनोऱ्यासारखं वर चढणं, आधाराला तणावे गुंडाळणं, मग कोवळं फळ कढईत चरबीवर परतलं की ती शोषून कसं चविष्ट लागतं, आणि जून झालं की आत कोरून वाळवलं तर दारू ठेवायला भांडं कसं होतं, सगळं काही.

*जाणाऱ्यांसाठी:* बागेत शिरायला तिकीट नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारी सावली अजिबात नाही. मुक्कामाच्या ठिकाणी गेस्ट-कार्ड मागून घ्या, त्यावर आसपासच्या बसने फिरता येतं.

१५ ऑगस्ट : औषधी जुड्यांचा दिवस

मारियाच्या स्वर्गारोहणाचा हा दिवस. आसपासच्या गावांत कामकाज चालू असतं, पण राइखेनाउचे स्वतःचे तीन बेट-सण आहेत आणि हा त्यांतला एक. दुकानं बंद असतात, म्हणून आदल्या दिवशीच ब्रेड, दूध, फळं आणून ठेवा.

सकाळी म्युन्स्टरमध्ये बसायला जागा मिळेना. जुन्या गणवेशातले नागरिक-सैनिक, वाद्यवृंद, पारंपरिक पोशाखातल्या बायका. दक्षिण जर्मनीच्या कॅथलिक भागात या दिवशी औषधी वनस्पतींच्या जुड्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद घेतात. आमच्या शेजारच्या आजींच्या मांडीवर मोठी जुडी होती: सेज, पुदिना, ओवा-सेलेरीच्या जातीची पानं, पिवळ्या फुलांची एक काडी, आणि मधोमध उभा एक लांब देठ. त्या म्हणाल्या, घरी नेऊन माळ्यावर उलटी टांगायची, वादळ आलं की त्यातली काडी चुलीत टाकायची. आता चूल नाही, पण जुडी अजून टांगतात.

वालाफ्रिडच्या यादीतल्या कितीतरी वनस्पती त्या जुड्यांमध्ये होत्या. त्याच्यासाठी बाग हा दवाखाना होता. बडीशेप डोळ्यांना आणि पोटाला, मुळा खोकल्याला, आणि सावत्र आईने अन्नात विष घातलं तर मारुबियुम या कडू वनस्पतीचा काढा! पुदिन्याबद्दल तो म्हणतो की त्याच्या सगळ्या जाती सांगायच्या तर तांबड्या समुद्रात किती मासे पोहतात आणि एट्ना पर्वतातून किती ठिणग्या उडतात तेही सांगता आलं पाहिजे.

आणि पुलेगियुम या पुदिन्याच्याच भावंडाच्या ओळींत आपण येतो. तो लिहितो की गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, भारतातल्या काळ्या मिऱ्यांच्या ढिगाला जेवढा भाव आहे, तेवढा भाव भारतातल्या जाणत्यांकडे म्हणे या पाल्याला आहे. हा भाव त्याने ऐकीव लिहिला आहे, पण त्यामागची गोष्ट खरी: मलबारच्या किनाऱ्यावरची मिरी समुद्र, वाळवंट आणि आल्प्स ओलांडून नवव्या शतकातल्या मठांत पोचत होती आणि ती किती मोलाची हे एका बेटावरच्या माणसाला ठाऊक होतं. त्यापुढे तो जे म्हणतो ते ताईला सर्वांत आवडलं. देवाने प्रत्येक देशाला काहीतरी दिलं आहे, जे इथे दुर्मीळ ते तिथे मुबलक. तिने ते आजींना सांगायला लावलं. आजींनी जुडीतून पुदिन्याची काडी काढून तिच्या हातात दिली.

मिरवणूक गावातून फिरून परत आली तेव्हा ऊन कडक झालं होतं. दुपारी एका अंगणात लाकडी बाकांवर बसून ड्युनले खाल्लं. पातळ लाटलेल्या पोळीवर आंबटसर साय आणि कांदा पसरून लाकडाच्या भट्टीत भाजतात. मांसाचे तुकडे नकोत असं आधी सांगितलं की बटाटा किंवा भाज्या घालून देतात. सोबत बेटावरचीच सॅलडची पानं. शेवटी ताज्या प्लमचा केक. बेटावरची पांढरी वाइनही मी चाखली, हलकी आणि थंड.

१६ ऑगस्ट : दोन टोकं आणि एक वादळ

भाड्याच्या सायकलींवर बेटाची दोन्ही टोकं पाहिली. पश्चिमेचं निडरत्सेलचं चर्च व्हेरोनाच्या एगिनो नावाच्या बिशपने ७९९ मध्ये स्थापलेलं, आजची इमारत नंतरची. पूर्वेकडे ओबरत्सेलला संत गेओर्गचं चर्च, नवव्या शतकाच्या अखेरीचं. त्याच्या भिंतींवर येशूच्या चमत्कारांची मोठी चित्रं आहेत. वालाफ्रिड गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी रंगवलेली, तरी वादळात होडीत झोपलेला येशू आणि भेदरलेले शिष्य इतके जिवंत की सरोवराकाठच्या लोकांनी हे का निवडलं ते लगेच कळतं. चित्रांना दमट हवा बाधते म्हणून उन्हाळ्यात फक्त मार्गदर्शकाबरोबर आत सोडतात. वेळा आधी बघून ठेवा, नाहीतर दारावरून परतावं लागेल.

संध्याकाळी होखवार्टला चढलो. बेटावरची ही सर्वांत उंच जागा, पाण्यापासून चाळीसेक मीटर. चारी बाजूंना द्राक्षांचे मळे आणि काचघरं. तेवढ्यात किनाऱ्यावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. सरोवरावर वाऱ्याचा इशारा असा देतात: मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराचा वारा, ९० वेळा म्हणजे वादळ, होड्यांनी ताबडतोब परतायचं. आम्ही धावत खाली आलो आणि घरमालकीणबाईंच्या ओसरीत बसून वीज बघितली. त्या काचघरांच्या झडपा बंद करायला पळाल्या, ताई त्यांच्या मागे.

त्या रात्री मी ताईला वेट्टीची गोष्ट सांगितली. वेट्टी हा वालाफ्रिडचा गुरू. ८२४ च्या नोव्हेंबरमध्ये, मृत्यूच्या आधी एक-दोन दिवस, त्याला स्वप्नात देवदूताने परलोक दाखवला. नरकात पैसा साठवणारे धर्मगुरू होते. आणि एका जागी खुद्द सम्राट कार्ल, ज्याला इतिहास शार्लमेन म्हणतो, तो उभा होता. वासनेच्या पापासाठी एक जनावर त्याच्या गुप्तांगाचे लचके तोडत होतं. सम्राट मरून दहाच वर्षं झाली होती आणि गादीवर त्याचा मुलगा होता. हाइटोने हे स्वप्न गद्यात उतरवलं, नाव न घेता. मग अठराच्या आसपासच्या वालाफ्रिडने ते पद्यात आणलं आणि नाव ओळींच्या पहिल्या अक्षरांत गुंफलं. वरून खाली वाचत गेलं की 'कारोलुस इंपेरातोर'. दान्तेच्या जवळपास पाचशे वर्षं आधी एका मठातल्या पोराने परलोकाची सफर पद्यात लिहिली आणि तिथे सम्राटाला उभं केलं. आणि याच पोराला ८२९ मध्ये त्या सम्राटाच्या नातवाला शिकवायला आखेनच्या दरबारी बोलावलं गेलं. तो नातू पुढे 'टकला' कार्ल म्हणून पश्चिम फ्रांकियाचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, राजा झाला.

मधल्या काळात त्याला फुल्डाच्या मठात ह्राबानुस माउरुसकडे शिकायला पाठवलं होतं. ह्राबानुस त्या काळातला मोठा विद्वान. पण तिथल्या थंडीत वालाफ्रिडने घरच्या आठवणीने एक कविता लिहिली. हात गरम होत नाहीत, पायांची कातडी आखडली आहे, चेहरा हिवाळ्याला घाबरतो, आणि राइखेनाउ, तुझ्या छोट्याशा छपराखाली मी किती सुखात होतो. ही कविता मी परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात वाचली होती. एवढं सांगून मी थांबले. ताईने काही विचारलं नाही, अंगावर शाल घातली.

१७ ऑगस्ट : सेंट गालेनचा नकाशा

जवळच्या कॉन्स्टान्स शहरातून थेट गाडीने तासाभराच्या आत स्वित्झर्लंडमधलं सेंट गालेन. पासपोर्ट जवळ हवा. या गाडीला जर्मनीचं महिन्याचं तिकीट पुरत नाही, वेगळं काढा. खर्च फ्रँकमध्ये आणि जर्मनीपेक्षा बराच जास्त, त्यामुळे डबा बरोबर घ्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

मठाच्या ग्रंथालयात बुटांवर फेल्टच्या मोठ्या सपाता चढवून जावं लागतं, लाकडी जमीन चरू नये म्हणून. दारावर ग्रीकमध्ये 'आत्म्याचं औषधालय' असं कोरलेलं आहे. आतलं दालन अठराव्या शतकातलं, छतभर चित्रं, जिना-सज्जे सगळं गोलाईचं. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे, मी मात्र इथे आले होते ते एका कातड्याच्या तुकड्यासाठी.

मठाचा नकाशा. वेगळ्या दालनात आधी छोटी फिल्म दाखवतात आणि मग खरा नकाशा अगदी काही क्षण प्रकाशात येतो. पाच चर्मपत्रं शिवून केलेला, साधारण ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ रुंद, तांबड्या रेघांचा. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात तो राइखेनाउला काढला आणि सेंट गालेनचा मठाधिपती गोत्सबेर्टला पाठवला. एका आदर्श मठाचा आराखडा: चर्च, शाळा, भटारखाना, कोंबड्यांची खुराडी, आणि वैद्याच्या घराला लागून १६ वाफ्यांची औषधी बाग. प्रत्येक वाफ्यात वनस्पतीचं नाव लिहिलेलं. शेजारच्या मोठ्या प्रतिकृतीवर आम्ही एकेक वाचलं. सेज, सताप, बडीशेप, पुदिना, पुलेगियुम, गुलाब, लिली. १६ पैकी ९ वालाफ्रिडच्या कवितेतही आहेत. बाकीच्यांत दोन नावं मी वाचली आणि ताई हरखली: जिरे आणि मेथी. बाराव्या शतकात कुणीतरी याच कातड्याच्या मागच्या बाजूला एका संताचं चरित्र लिहून काढलं आणि घडी घालून पुस्तकासारखं ठेवलं, त्यामुळे नकाशा वाचला.

वालाफ्रिडचं स्वतःचं टिपणबुकही इथेच आहे, हस्तलिखित क्रमांक ८७८. व्याकरण, पंचांगाचं गणित, आरोग्याचे नियम, उत्तरेकडच्या लोकांची रुनिक अक्षरं, जे उपयोगाचं वाटलं ते त्याने आयुष्यभर त्यात उतरवून घेतलं. ते त्याच्या हातचं आहे हे विसाव्या शतकात अक्षरावरून ओळखलं गेलं. ते प्रदर्शनात नव्हतं, पण त्याची सगळी पानं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. बाहेर कॉफी घेताना मी ताईला टॅबलेटवर दाखवली. ती बराच वेळ अक्षर मोठं करून बघत होती. "घाईत लिहिलंय," म्हणाली. "इथे शाई संपत आली होती बघ."

परतताना बाजारपेठेत वादियानचा पुतळा लागला. सेंट गालेनचा हा विद्वान, पुढे शहराचा महापौर आणि धर्मसुधारक. १५१० मध्ये व्हिएन्नाला त्याने 'हॉर्टुलुस' पहिल्यांदा छापून काढलं. त्याच्या पायाशी पर्यटक आइस्क्रीम खात बसले होते. आम्हीही बसलो.

१८ ऑगस्ट : पाण्यावरून

शेवटच्या दिवशी बोटीने उंटरझेवर, म्हणजे बेटाभोवतीच्या सरोवराच्या भागावर, निघालो. पावसानंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. पलीकडे स्विस किनाऱ्यावरची गावं, अलीकडे बेट हळूहळू लांब जाणारं.

८३८ मध्ये वालाफ्रिड राइखेनाउचा मठाधिपती झाला. शार्लमेनचा मुलगा सम्राट लुडविग, त्यानेच नेमलं. दोन वर्षांत सम्राट वारला आणि त्याचे मुलगे राज्यासाठी एकमेकांवर तुटून पडले. वालाफ्रिड थोरल्या लोथारच्या बाजूला होता, बेट मात्र लोथारच्या धाकट्या भावाच्या मुलखात, त्याचंही नाव बापासारखंच लुडविग. त्याला मठ सोडून श्पायरला जावं लागलं. ८४२ मध्ये परत आला आणि ज्या लुडविगमुळे गेला होता त्याच्याच विश्वासातला झाला. ८४३ मध्ये साम्राज्याचे तीन तुकडे झाले. ८४९ मध्ये लुडविगने त्याला आपल्या भावाकडे, म्हणजे वालाफ्रिडच्याच जुन्या विद्यार्थ्याकडे, निरोप घेऊन पाठवलं. त्या प्रवासात, १८ ऑगस्टला, लोआर नदी ओलांडताना तो गेला. फुल्डाच्या थंडीतला गुरू, ह्राबानुस, मागे राहिला आणि शिष्याचा मृत्युलेख त्याने लिहिला.

ताईने कवितेचा शेवट वाचायला सांगितला. शेवटी वालाफ्रिड ती आपल्या गुरुतुल्य ग्रिमाल्डला अर्पण करतो. तुझ्या बागेत फळझाडांच्या सावलीत बसून ही वाच, तो म्हणतो, पीचच्या झाडाखाली शाळेतली मुलं लव असलेली फळं गोळा करत असतील, हातात मावत नाहीत इतकी मोठी. आणि वाचताना चुका दिसल्या तर काढून टाक, चांगलं असेल ते राहू दे. बोटीत समोरच्या बाकावर एक आई आणि तिची दोन मुलं होती. मी जर्मनमध्येही तो भाग वाचला, कारण मुलं कान टवकारून ऐकत होती. धाकट्याने विचारलं, "मग त्याने पीच खाल्ले का?" आईने सांगितलं, "मास्तरांनी खाऊ दिले असणार."

घरमालकीणबाईंनी निरोपाला काकड्यांची पिशवी दिली होती आणि ताईने त्यांना गोडा मसाला. बियाणं मात्र घेतलं नाही. भारतात बी किंवा रोप नेताना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, हे लक्षात असू द्या. वाळवलेल्या पानांचे छोटे डबे बेटावर मिळतात, ते घ्या.

निघण्याआधी कविता वाचून जा. एका संध्याकाळी संपते, आणि मग बागेत पाट्या वाचत बसावं लागत नाही. आधी बाग, मग सेंट गालेनचा नकाशा, हा क्रम मला बरोबर वाटला, कारण पानांचा वास हाताला असताना ती नावं वाचण्यात वेगळाच आनंद आहे. ऑगस्टात सगळं वाढलेलं असतं आणि उत्सवही मिळतो. पण वाफे तयार होताना बघायचे तर एप्रिलमध्ये जायला हवं, जेव्हा ब्रेनेसल उगवतं आणि कविता सुरू होते. २५ एप्रिलला संत मार्कुसचा बेट-सणही असतो. ताई म्हणते, पुढच्या वेळी तेव्हाच येईन.